आधी दान, मग नाव

यंदाच्या शैक्षणिक सहलीत आम्ही विद्यार्थ्यांसह सांचीचा स्तूप पाहून आलो. विदिशेजवळील सुमारे ३०० फूट उंचीच्या टेकडीवर ही वास्तू उभी आहे. सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बांधविलेला मूळ स्तूप विटांचा होता. पुढे त्यावर दगडी आवरण चढले, भोवती कठडा उभा राहिला आणि इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास चारी दिशांना तोरणे उभारली गेली. कठड्यावरील ब्राह्मी अक्षरे आम्ही मुलांना दाखविली. ती राजांची प्रशस्ती नव्हे. ज्यांनी एखादा खांब वा एखादी शिळा दिली, त्या दात्यांची ती नावे आहेत.

परतताना एक विद्यार्थी जुन्या भिंतीपाशी रेंगाळला. जाऊन पाहतो तो टोकदार खड्याने स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर कोरण्यात तो गर्क! आम्ही रागावलो. त्याने मान खाली घातली, पण विचारलेच, "सर, त्या लोकांनी नावं कोरली ती आपण कौतुकानं पाहतो. मग मी कोरलं तर काय चुकलं?"

संरक्षित वास्तूस इजा करणे १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, एवढे उत्तर देऊन आम्हांस सुटता आले असते. परंतु मुलाचा प्रश्न कायद्याचा नव्हता, न्यायाचा होता. आणि त्यास उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

आपले नाव मागे उरावे ही इच्छा मुळीच वाईट नाही. सांचीच्या दात्यांनाही ती होतीच. त्यांत भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, व्यापारी होते, उज्जयिनीसारख्या दूरच्या नगरीतील गृहस्थ आणि स्त्रिया होत्या. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी आपण हे शिल्प घडविल्याची नोंद केली आहे. तथापि या सर्वांनी प्रथम काही दिले, आणि मग आपण दिलेल्या अथवा घडविलेल्या दगडावरच नाव लिहिले. दुसऱ्याच्या दानावर आपले नाव चढविण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही.

या लहानशा लेखांनी आपणांवर केवढे उपकार केले पाहा. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या लेखांचे ठसे होते. अनेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात हे त्यांनी हेरले, आणि तो शब्द 'दानं' असावा असा तर्क केला. त्या एका शब्दाच्या आधाराने ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले आणि अशोकाचे शिलालेख वाचता आले. सम्राटाची वाणी आपणांस कळली ती सामान्यांच्या दानामुळे!

उलट १८२२ साली आत काय सापडते या उत्सुकतेपोटी हा स्तूप फोडला गेला. त्या भगदाडाने पुढे पश्चिमेचे तोरण कोसळले. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, म्हणून आज आपण तेथे प्रदक्षिणा घालू शकतो. म्हणजे या टेकडीवर घेणारे आले, तसे देणारेही आले. आपण कोणत्या रांगेत उभे राहावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

यात दोष केवळ मुलांचा नाही. आम्ही शिक्षक आणि पालक 'हात लावू नका' असे बजावतो, पण का लावू नये हे क्वचितच सांगतो. ज्या मुलाने शाळेच्या आवारात एक रोप लावून वाढविले आहे, तो दुसऱ्याच्या झाडावर चाकू चालविताना दहादा विचार करील. देण्याची सवय लागली की जपण्याची बुद्धी आपोआप येते.

त्या मुलाने खडा टाकून दिला. भिंतीवर मात्र त्याच्या अक्षराचा काना तेवढा उमटून राहिला आहे. तो आता पुसता येणार नाही. विद्यार्थिमित्रहो, नाव अवश्य कोरा. पण आधी आपला दगड आणा.