पडद्यावरचा देव आणि आपले डोळे

धर्मग्रंथाशी प्रामाणिक राहून काढलेल्या चित्रपटाची गंमत अशी, की त्याची गोष्ट भाविकाला आधीच पाठ असते. नांदेड-लातूरकडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कीर्तनाला बसणारा कथा कळावी म्हणून बसत नाही. ठाऊक असलेल्या कथेनेच त्याचे डोळे भरून येतात. 1987-88 साली दूरदर्शनवर 'रामायण' लागले, की आमच्याकडे मंडळी हात जोडून बसत.

1979 चा 'जीझस' हा चित्रपट लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आहे. ज्याला तो ग्रंथ पाठ आहे, तो पडद्यावरचा शब्द न् शब्द ताडून पाहणार. ज्याला पाठ नाही, तो आपल्या देव्हाऱ्यातल्या देवाच्या मापाने पाहणार. यात गैर काय?

दादासाहेब फाळके यांनी 1910 च्या सुमारास मुंबईत येशूच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. समोर येशू होता, पण त्यांच्या मनात श्रीकृष्ण आणि श्रीराम उभे राहिले. नंतर त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो दाखवला. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' झळकला. दुसऱ्याच्या धर्मकथेवर ते रागावले नाहीत; आपल्या कथांसाठी कामाला लागले.

हल्ली मात्र चित्रपट पाहण्याआधीच 'हा कुणाच्या धर्माचा?' असे विचारले जाते, आणि घरातली मुले ते ऐकत असतात. मला वाटते, मुलांना आधी पाहू द्यावे, मग विचारावे, 'तुला काय दिसले?' ज्याच्या मनात स्वतःचा देव पक्का आहे, त्याला दुसऱ्याच्या देवाचे भय कशाला?