नव्या गाडीत वाऱ्याची शिट्टी : ‘या मॉडेलला एवढा आवाज येतोच’ हे उत्तर वॉरंटीत चालते का?

नवी गाडी महिनाभर शहरात चालवली तरी काही खटकत नाही. मग ती पहिल्यांदा द्रुतगती मार्गावर जाते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे सरकतो आणि चालकाच्या कानाशी बारीक शिट्टी सुरू होते. काच नीट वर केली, दार पुन्हा लावले, गाणी बंद केली, तरी आवाज तिथेच. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार गाडी घेऊन आसपास एक फेरी मारतो आणि सांगतो, ‘या मॉडेलला एवढा आवाज येतोच.’ बहुतेक तक्रारी इथेच संपतात.

त्या इथे संपण्याचे कारण नाही. वाऱ्याचा आवाज कुठून येतो हे बहुतेक वेळा शोधता येते आणि दोष जोडणीतला असेल तर तो वॉरंटीत दुरुस्त करून मागता येतो. अट एकच. ‘आवाज येतो’ या वाक्याचे रूपांतर कोणालाही तपासता येईल अशा पुराव्यात करावे लागते.

आवाज ठरावीक वेगालाच का येतो?

गाडीवरून वाहणाऱ्या हवेमुळे होणाऱ्या आवाजाची ऊर्जा साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग ८० वरून १०० वर गेला, म्हणजे सव्वापट झाला, तर ही ऊर्जा जवळपास पावणेचारपट होते. इंजिन आणि टायरचा आवाज इतक्या झपाट्याने वाढत नाही. त्यामुळे शहरात दबून राहिलेला वारा महामार्गावर सगळ्यांच्या वर ऐकू येतो. इलेक्ट्रिक गाडीत तर तो झाकायला इंजिनाचा आवाजही नसतो.

दुसरे कारण दाबाचे आहे. वेगाने वाहणारी हवा दाराच्या बाहेरच्या बाजूला कमी दाब तयार करते. केबिनमधला दाब त्यापेक्षा जास्त असल्याने दाराची वरची चौकट किंचित बाहेर ओढली जाते. उभ्या गाडीत घट्ट बसलेले रबर धावत्या गाडीत एखाद्या ठिकाणी सुटते आणि त्या फटीतून हवा शिट्टी वाजवत निघते. म्हणूनच वर्कशॉपच्या आवारात ताशी ३० किलोमीटरने मारलेल्या फेरीत ‘काहीच आवाज नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो खोटा नसतो, पण निरुपयोगी असतो.

नेहमीचा आवाज आणि दोष यात फरक कसा करायचा?

प्रत्येक गाडीला वाऱ्याचा काही आवाज असतोच. पुढच्या काचेच्या कडेचा खांब आणि बाहेरचे आरसे यांच्याभोवती हवा भोवऱ्यासारखी फिरते. उंच, चौकोनी एसयूव्हीत हा आवाज बुटक्या सेडानपेक्षा जास्त जाणवतो. हा गाडीच्या आकाराचा गुण असतो. तो दोन्ही बाजूंनी साधारण सारखा येतो आणि वेगाबरोबर हळूहळू वाढतो.

दोषाची लक्षणे वेगळी असतात. आवाज एकाच बाजूने किंवा एकाच दारातून येतो. तो ठरावीक वेगाला अचानक सुरू होतो. त्यात शिट्टी, फुरफुर किंवा काहीतरी फडफडल्याचा नाद असतो. हाताने दाराची चौकट आत ओढली किंवा रबर दाबले की तो बदलतो. ही तपासणी शेजारी किंवा मागे बसलेल्याने करावी, चालकाने नव्हे. अशा दाराच्या कोपऱ्यातून धुताना किंवा पावसात पाणीही आत येत असेल तर संशय आणखी पक्का होतो. ज्या फटीतून पाणी येते, त्याच फटीतून वाराही येऊ शकतो.

टायरचा आवाज वगळण्यासाठी रस्त्याकडे लक्ष द्यावे. काँक्रीटवरून डांबरावर येताच आवाज बदलला तर तो बहुधा टायरचा. रस्ता बदलूनही तसाच राहिला, पण समोरून किंवा बाजूने वारा असताना वाढला, तर तो हवेचा.

घरच्या घरी काय तपासता येते?

पहिली तपासणी डोळ्यांची. दाराभोवतीची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? दाराचे रबर, म्हणजे बीडिंग, कुठे दुमडले, निसटले किंवा चपटे झाले आहे का? आरशाच्या मुळाशी बसवलेला प्लास्टिकचा तुकडा आणि पुढच्या काचेभोवतीची पट्टी नीट बसली आहे का? बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर दार आधी सैल करून पुन्हा बसवले गेले असावे. ते का, हे डीलरला विचारायला हवे.

दुसरी तपासणी कागदाची. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती हळूच ओढावी. चौकटीच्या प्रत्येक भागात तिला साधारण सारखाच विरोध व्हायला हवा. एखाद्या जागी ती अलगद निघाली तर तिथे रबराची पकड कमी आहे. दुसऱ्या बाजूच्या त्याच दाराशी तुलना केल्यास फरक लगेच कळतो.

तिसरी आणि सर्वात उपयोगी तपासणी चिकटपट्टीची. रंगकामात वापरतात ती कागदी मास्किंग टेप घेऊन संशयित फट बाहेरून बंद करावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा जावे. कागदी टेप सहज फाटत असल्याने दार अडत नाही. काचेवर दृष्टीआड येईल अशी मात्र ती लावू नये. आवाज गेला तर टेपचा एकेक तुकडा काढत पुन्हा फेरी मारावी. कोणता तुकडा काढल्यावर आवाज परतला, ते दोषाचे ठिकाण. पंचवीस-पन्नास रुपयांची ही टेप अर्ध्या दिवसात जे दाखवते, ते चार वेळा वर्कशॉपला जाऊनही अनेकदा ठरत नाही.

मोबाइलवरील डेसिबल मोजणारी ॲप अचूक नसतात. मात्र एकाच फोनने, एकाच जागी धरून, टेपसह आणि टेपशिवाय केलेले दोन रेकॉर्डिंग तुलनेला उपयोगी पडते. रेकॉर्डिंग सोबतच्या प्रवाशाने करावे. एसीचा पंखा बंद असावा आणि जाताना-येताना अशा दोन्ही दिशांना नोंद घ्यावी, म्हणजे त्या दिवशीच्या वाऱ्याचा परिणाम वेगळा करता येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, तर समृद्धी महामार्गावर १२०ची. तक्रार दाखवण्यासाठी ती ओलांडण्याची गरज नाही.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंचे काय?

खिडक्यांवरचे रेन व्हायजर, छतावरचे कॅरिअर, पुढच्या काचेला किंवा दाराला लावलेल्या शोभेच्या पट्ट्या यांमुळेही शिट्टी वाजते. तपासणीच्या आधी त्या काढाव्यात. आवाज तसाच राहिला तर कंपनीचा एक हमखास बचाव आपोआप संपतो. गाडी घेताना डीलरनेच त्या बसवल्या असतील तर बिल जपून ठेवावे. त्या बसवणीची जबाबदारी डीलरला टाळता येत नाही. अपघातानंतर पुढची काच बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलली असेल, तर मात्र तो वॉरंटीचा नव्हे, त्या कामाच्या दर्जाचा प्रश्न ठरतो.

जॉब कार्डवर काय लिहून घ्यावे?

पुढे वाद झालाच तर सर्वात वजनदार कागद जॉब कार्ड असतो. तिथे ‘जनरल चेकअप’ किंवा नुसते ‘नॉइज’ असे लिहिले गेले तर तक्रार नोंदली गेली असे म्हणता येत नाही. ‘ताशी ९० ते १०० किलोमीटर वेगाला चालकाच्या दाराच्या वरच्या मागील कोपऱ्यातून शिट्टी, टेप लावल्यावर बंद’ असे नेमके वाक्य ग्राहकाच्या शब्दांत लिहून घ्यावे. गाडीचे किलोमीटर आणि तारीख तपासावी, प्रत घ्यावी. गाडी परत घेताना काय केले, कोणता भाग बदलला किंवा दोष का आढळला नाही, हेही लेखी मागावे. आवाज कायम असेल तर ताबा घेताना ‘तक्रार कायम’ असे लिहूनच सही करावी.

त्याचबरोबर दोन मागण्या कराव्यात. तंत्रज्ञाने ग्राहकासोबत महामार्गावर फेरी मारावी ही पहिली. त्याच मॉडेलची, त्याच प्रकारची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून दाखवावी ही दुसरी. ‘सगळ्याच गाड्यांना येतो’ या उत्तराची खरी परीक्षा हीच. दुसऱ्या गाडीलाही तसाच आवाज असेल तर तो रचनेचा भाग मानावा लागेल आणि ग्राहकालाही ते स्वीकारणे सोपे जाईल. नसेल तर वाद तिथेच मिटतो.

वर्कशॉपने काय करणे अपेक्षित आहे?

उपाय अनेकदा साधा असतो. दाराची कडी ज्या खुंटीत अडकते ती किंचित आत सरकवणे, बिजागरी जुळवणे, बीडिंग किंवा काचेच्या खाचेतील रबर बदलणे, आरशाचा तुकडा पुन्हा बसवणे. फट सापडत नसेल तर केबिनमध्ये अल्ट्रासाउंड सोडणारे यंत्र ठेवून बाहेरून ग्राहक यंत्राने गळती शोधता येते. एका वेळी एकच बदल करून पुन्हा त्याच वेगाला तपासणे महत्त्वाचे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही आणि दार जास्त घट्ट केले तर रबर लवकर झिजते.

वॉरंटी पुस्तिकेतील कोणती ओळ आडवी येते?

वॉरंटी साधारणपणे साहित्यातील किंवा जोडणीतील दोषांसाठी असते. गाडीच्या कार्यावर परिणाम न करणारा किरकोळ आवाज किंवा कंप तिच्या कक्षेत येत नाही, अशा आशयाचे कलम अनेक पुस्तिकांत असते. डीलर याच ओळीवर बोट ठेवतो. म्हणून तक्रार ‘आवाज’ म्हणून नव्हे, ‘दाराच्या अमुक जागी रबर बसत नाही, त्यामुळे हवा आत येते’ अशी मांडावी. पहिला ग्राहकाचा अनुभव ठरतो, दुसरा जोडणीतील दोष. रबरी भाग आणि जुळवणीची कामे यांना मुख्य वॉरंटीपेक्षा कमी मुदत असू शकते. ती पुस्तिकेत आधी पाहावी आणि तक्रार पहिल्या सर्व्हिसपर्यंतही रेंगाळू देऊ नये.

तरीही दाद मिळाली नाही तर?

दोन-तीन भेटींनंतरही प्रश्न सुटला नाही तर डीलरऐवजी कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करावा. त्यात जॉब कार्डांच्या तारखा आणि रेकॉर्डिंग जोडून कंपनीच्या क्षेत्रीय सेवा अधिकाऱ्याकडून तपासणीची मागणी करावी. उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे आदेश होत नाही, पण कंपनीशी तडजोडीचा प्रयत्न होतो.

शेवटची पायरी ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूच्या दर्जातील कोणतीही उणीव ‘दोष’ या व्याख्येत येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली म्हणून सांगलीच्या माणसाला पुण्यात खेटे घालावे लागत नाहीत. डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करावे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वॉरंटी पाच वर्षांची असली तरी पहिल्या जॉब कार्डपासून दोन वर्षे मोजणे सुरक्षित.

गाडी बदलून मिळते का?

अपेक्षा इथे वास्तवाला धरून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका निकालात वॉरंटीचे कलम सदोष भाग बदलून देण्याबाबत असेल तर त्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे स्पष्ट केले होते. शिवाय दोष सिद्ध करण्यासाठी तांत्रिक तपासणी लागू शकते. आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, मात्र त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागू शकते. कायद्याने तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे त्याहून लांबतात. त्यामुळे विनामूल्य दुरुस्ती, वारंवारच्या फेऱ्यांची भरपाई आणि दुरुस्त भागावर वाढीव वॉरंटी या मागण्या अधिक टिकतात.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये सदोष नव्या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि मग इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. ठरावीक प्रयत्नांत दोष दूर झाला नाही तर गाडी बदलणे किंवा पैसे परत करणे हे त्याचे सूत्र. मात्र दोषामुळे गाडीचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता यात मोठी उणीव आली आहे, हे तिथेही दाखवावे लागते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेली रिकॉलची तरतूद पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपायकारक ठरणाऱ्या दोषांसाठी आहे. शिट्टी वाजवणारे दार त्यात सहसा बसत नाही.

जबाबदारी कोणाची?

गाडी बाजारात आणण्यापूर्वी उत्पादक वाऱ्याचा आवाज मोजतात. त्यासाठी पवनबोगदे आणि चाचणीमार्ग असतात. तोच आवाज ग्राहकाला खटकला की मात्र मोजमाप बाजूला पडते आणि सल्लागाराचा कान हा निकष ठरतो. ही विसंगती कंपन्यांनीच दूर करायला हवी. ठरावीक वेगाला महामार्गावर चाचणी, त्याच मॉडेलच्या गाडीशी तुलना आणि निष्कर्षाची लेखी प्रत, एवढी पद्धत प्रत्येक सर्व्हिस सेंटरला बंधनकारक केली तर बहुतेक वाद आयोगापर्यंत जाणारच नाहीत. आवाज सामान्य असेल तर कंपनीला ते सिद्ध करून दाखवण्यात अडचण नसावी. तोवर ‘येतोच’ हे उत्तर मिळालेल्या ग्राहकाने एकच प्रतिप्रश्न करावा : ‘हे जॉब कार्डवर लिहून देता का?’