‘जुनं झालंय’ हे निदान नाही

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा आईच्या लॅपटॉपवरचं लिनक्स अपग्रेड करून दिलं आणि पुण्य कमावल्यासारखी पुण्याला परतले. दोन दिवसांनी तिचा फोन. “तूच केलंस ना गं अपडेट? आता सगळं वाकडं दिसतंय.”

आई दहावीला गणित शिकवते. तिचा लॅपटॉप सात वर्षांचा, स्क्रीन पूर्ण मागे वळवून टॅब्लेटसारखा वापरता येणारा. रात्री ती त्यावर पेनने लिहून मुलांना गणितं समजावते. नेहमीसारखा उघडला की सगळं ठीक. टॅब्लेट केला की मात्र आडवा धरल्यावर चित्र उभं आणि उभा धरल्यावर आडवं. पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली.

दुरुस्तीच्या दुकानात उत्तर तयार होतं. “मदरबोर्ड गेलाय मॅडम. १६ हजार. त्यापेक्षा नवीन घ्या, जुनं झालंय.” ओळखीच्यांचा सल्ला होता, “रोटेशन लॉक करून टाका.” पण तिला आलेख आडव्यावर काढायचे असतात आणि प्रमेयं उभ्यावर लिहायची असतात. त्यासाठीच तर हे मशीन घेतलं होतं.

माझं भांडण ‘जुनं झालंय’ या दोन शब्दांशी आहे. कारण लक्षण नीट बघा. मशीन फिरवलं की चित्र दर वेळी फिरतंय आणि दर वेळी बरोबर ९० अंशांनी चुकतंय. मेलेला सेन्सर इतका शिस्तीत चुकत नाही. सेन्सर जिवंत आहे, त्याचं म्हणणं कोणीतरी चुकीचं समजून घेतंय.

गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला ओढतंय, एवढंच अ‍ॅक्सेलरोमीटर सांगतो. पण ती चिप आत कशी बसवली आहे, हे मॉडेलनुसार बदलतं. म्हणून तिची दिशा स्क्रीनच्या दिशेशी जुळवायला तीन बाय तीनचं मॅट्रिक्स लागतं. हो, एम-वनमध्ये आपण जे घोकलं आणि पेपरानंतर विसरलो, तेच. या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये कंपनीने ते मॅट्रिक्सच चुकीचं भरलं होतं. जुनं कर्नल ते वाचतच नव्हतं, म्हणून चूक सात वर्षं झाकून राहिली. नवं कर्नल वाचायला लागलं आणि चूक उघडी पडली. म्हणजे अपग्रेडने काही मोडलं नाही. मशीन विकलं गेलं तेव्हाच त्यात चूक होती.

व्हिडिओ कॉलवर मी सांगत गेले, आई टाईप करत गेली. ‘मॉनिटर-सेन्सर’ ही कमांड चालवली. मशीन सरळ धरलं तरी सेन्सर ‘डावी बाजू वर’ म्हणत होता. हार्डवेअरची माहिती ठेवणाऱ्या फाईलमध्ये मॉडेलचं नाव आणि नऊ आकडे लिहिले, माहितीसाठा ताजा केला, मशीन रीस्टार्ट केलं. अर्धा तास. आकडे बघून आई म्हणाली, “अगं, हे तर अक्ष फिरवणं आहे!” पदवी माझ्याकडे, पण पटकन कळलं तिला.

दुकानदारावर मी चिडत नाही. त्याच्याकडे ही माहिती पोचलीच नाही, आणि पार्ट बदलण्यावर त्याचं पोट आहे. मी चिडते त्या कंपनीवर, जिला चिप कशी बसवली आहे हे नक्की माहीत होतं आणि जिने नऊ आकडे तपासायची तसदी घेतली नाही. आता त्या मॉडेलची विक्री बंद, फर्मवेअर सुधारणंही बंद, आणि चुकीचं बिल आईच्या नावावर. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ला ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, चांगलंच झालं. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसते सुटे भाग आणि सर्व्हिस सेंटर नव्हे. मॉडेल बंद करताना असे तक्ते जाहीर करणंही त्यात आलं पाहिजे. त्यात कुठलं व्यापारी गुपित आहे?

आणि चिडते आपल्यावर, सॉफ्टवेअरवाल्यांवर. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ लिहून तिकीट बंद करणाऱ्यांत मीही आहे. आईचं मशीन अपग्रेड केल्यावर स्क्रीन एकदा फिरवून बघायला मला दहा सेकंद लागली असती. ‘मग अपडेटच करू नका’ हाही उपाय नाही. त्याने सुरक्षेची भोकं उघडीच राहतात.

सिस्टमडी या प्रकल्पात अशा सेन्सरची मॉडेलवार जाहीर यादी आहे. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या मशीनचे आकडे तिच्यात भरलेत. आईच्या मॉडेलचे आकडे मी तिथे पाठवले. ते स्वीकारले गेले, की हेच मशीन वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाला पुढच्या अपग्रेडनंतर दुकानाची पायरी चढावी लागणार नाही. तुम्ही असं काही दुरुस्त केलं असेल, तर ते स्वतःपाशी ठेवू नका.

आणि पुढच्या वेळी कोणी ‘जुनं झालंय’ म्हणालं, तर पाकीट काढण्याआधी विचारा: नेमका कुठला भाग गेलाय, आणि कशावरून?