औषधाचा खर्च वहीत लिहा

आपला कारखानदार बांधव सुताचा भाव पैशापर्यंत सांगतो. वीजबिल, मजुरी, कर्जाचा हप्ता त्याला तोंडपाठ असतो. पण पत्नीच्या साखरेच्या गोळ्यांना महिन्याला किती लागतात असे विचारले, तर तो गप्प होतो. मीही असाच गप्प होत होतो, म्हणून हे लिहीत आहे.

मालेगावात माझे आठ यंत्रमाग आहेत. पत्नीला बारा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. औषधाचे पैसे मी गल्ल्यातून, हाताला लागतील तसे देत असे. तीन वर्षांपूर्वी कापडाला उठाव नव्हता, व्यापाऱ्यांकडे पैसे अडकले होते. त्या काळात मेडिकलचे बिल कमी येऊ लागले आणि मला बरेच वाटले. पुढे तिच्या पायाची जखम महिनाभर भरेना. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली की दोन वेळची गोळी ती एकच वेळ घेत होती. माझी ओढाताण तिला दिसत होती, मला मात्र तिची अर्धी राहिलेली पाकिटे दिसली नाहीत. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट त्या जखमेवर गेले.

माझे म्हणणे असे की, जन्मभराच्या आजाराचा खर्च हा अडीअडचणीचा खर्च नाही. तो दुकानभाड्यासारखा ठरलेला खर्च आहे. महिन्याला 1,500 रुपये लागत असतील तर दिवसाचे 50 रुपये होतात. रोज संध्याकाळी गल्ला मोजण्याआधी ते वेगळ्या डब्यात टाकावेत आणि वहीत लिहावेत. मंदी आली तर इतर उचल कमी करावी, त्या डब्याला हात लावू नये. शुक्रवारी कारखाना बंद असतो, त्या दिवशी मी स्वतः गोळ्या मोजतो.

कोणी म्हणेल, घरच्या खर्चाचा धंद्याशी काय संबंध? आपल्या किती घरांत कांड्या भरण्याचे काम बायकाच करतात! त्यांची मजुरी कोणाच्या वहीत नसते. ती बाई अंथरुणाला खिळली की मगच तिच्या कामाची किंमत कळते.

खर्च कमी करण्याचे रास्त मार्गही आहेत. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन यांसारखी औषधे अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि भावात मोठा फरक असतो. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत ही औषधे ब्रँडपेक्षा 50 ते 80 टक्के स्वस्त मिळतात, असे सरकार सांगते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा. मात्र गोळी बदलण्याआधी त्यांनाच विचारा, कारण नाव एक असले तरी ताकद आणि प्रकार वेगळा असू शकतो. सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, म्हणून पक्के बिल घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी तपासणी टाळू नका. त्या तपासणीचे पैसेही डब्याच्या हिशेबात धरा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या भरवशावर कोणी निर्धास्त राहू नये. तिचा आधार मोठा आहे, पण तो मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रोजची गोळी आपल्यालाच आणावी लागते. मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसचा खर्च योजनेतून निघेलही, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस कारखाना सोडून रुग्णालयात बसण्याची भरपाई कोणी देत नाही.

शेवटची गोष्ट बाजारातील जाणत्या मंडळींसाठी. ऑपरेशनसाठी हात पसरला तर आपल्याकडे लोक खिसा मोकळा करतात. वीस वर्षे चालणाऱ्या गोळ्यांसाठी कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. गोळी चुकू दिली नाही तर त्यातली काही ऑपरेशने टळतील. जकात आणि इमदादीचा काही भाग गरजू मजुरांच्या घरी दरमहा औषध पोचवण्यासाठी ठेवता येईल का, कोणाला देता येईल, हे आलिमांना विचारून ठरवावे.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. आज घरी गेल्यावर पत्नीच्या औषधाचे पाकीट हातात घ्यावे आणि गोळ्या मोजाव्यात. तिला मात्र जाब विचारू नये.