तंबोरा मिरजेचाच का?

#थ्रेड

१/ गाणे शिकू लागून चार-पाच वर्षे झाली, गळा एका पट्टीत स्थिरावला, की गुरू एके दिवशी सांगतात, "आता स्वतःचा तंबोरा कर." त्यापुढचे वाक्य महाराष्ट्रात बहुधा ठरलेले असते : "मिरजेहून आण." का, हे सहसा कुणी विचारत नाही. 'मिरजेच्या भोपळ्यात गोडवा आहे' एवढे उत्तर पुरते. मला ते कधी पुरले नाही. म्हणून हा थोडा लांबलेला धागा.

२/ माझे मत आरंभीच सांगून टाकते. भोपळा, लाकूड, हवामान या साऱ्यांचा वाटा आहेच. परंतु गायक मिरज निवडतो त्याचे खरे कारण वाद्य घडवण्यापेक्षा ते पुन्हा पुन्हा सुधारून देण्यात आहे. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावे आणि मग खुशाल भांडावे.

३/ प्रथम इतिहास. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे गाव. शस्त्रांना धार लावणारे, त्यांची निगा राखणारे शिकलगार येथे पूर्वीपासून वस्तीला होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, संस्थाने इंग्रजांच्या छत्राखाली गेली आणि लढायाच थांबल्या. ज्या हातांचे पोट तलवारीवर होते त्यांना दुसरे काम शोधणे भाग पडले.

४/ कारागीर घराण्यांतून सांगितली जाणारी हकीकत अशी : दरबारी गवयांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीसाठी थेट उत्तरेकडे पाठवावी लागत. ती इथेच दुरुस्त करण्याचे काम १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगारांनी अंगावर घेतले. दुरुस्त करता करता नवीही घडवू लागले.

५/ या क्रमाकडे लक्ष असू द्यावे. आधी दुरुस्ती, नंतर निर्मिती. (आजकाल बातम्यांतून 'तीनशे वर्षांची परंपरा' असे छापून येते. मला तो आकडा फुगवलेला वाटतो. पावणेदोनशे वर्षे काही थोडी नव्हेत.)

६/ पुढे याच कुटुंबांचे आडनाव 'सतारमेकर' झाले. अर्धे फारसी वळणाचे, अर्धे इंग्रजी, आणि तोंडात मात्र अस्सल मिरजेचे. आडनावातूनच एका गावाचा अर्थव्यवहार कळावा, असे हे उदाहरण.

७/ बाळासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत गाणे रुजले. उत्तरेत जाऊन ग्वाल्हेरची गायकी कष्टाने मिळवून महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) येथे शिकवीत. कुरुंदवाडचा एक मुलगा डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेत आला आणि बुवांकडे गाणे शिकू लागला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तंबोरा दरबारातून मध्यमवर्गाच्या घरात येण्याची वाट मोकळी झाली.

८/ मग आले अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेतील कैराना येथला, मन मात्र मिरजेत रमले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि दफन मिरजेस झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत हजेरी लावणे गवई आजही भाग्याचे मानतात.

९/ खाँसाहेबांच्या किराणा गायकीचा सारा भर स्वराच्या लगावावर. अशा गायकाला तंबोरा जरासा बेसूर असून चालत नाही. वाद्याची डागडुजी ते स्वतः करीत, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. असा गिऱ्हाईक गावातच राहत असेल तर कारागिराला हयगय करण्याची सोय उरत नाही. शेजारच्या गल्लीत गवई नसेल, तर वाद्यकार फक्त स्वतःच्या कानावर विसंबतो.

१०/ आता मूळ मुद्द्याकडे : जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला अत्यंत सूक्ष्म असा उतार दिलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर किंचित टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की बंद खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज खुलतो.

११/ याचे शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये एका निबंधात मांडले. सर्वसाधारण तारेचा नियम असा, की ती जिथे छेडावी तिथे ज्या स्वयंभू स्वरांचा निस्पंद बिंदू असतो, ते स्वर उमटत नाहीत. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, असे रामन यांना आढळले. जे स्वर उमटू नयेत तेही उमटतात. कारण घोडीचा तो उतार. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गांधार ऐकू येतो, त्याला असेच भरदार रूप मिळते.

१२/ म्हणजे तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यातून मोठा होत असला, तरी तो जन्मतो घोडीच्या माथ्यावर, बोटभर रुंदीच्या पट्टीत. आणि ती पट्टी झिजते. रोजच्या रियाजाने तारा तिच्यावर घर पाडतात, आवाज बसका होतो. मग कानस घेऊन माथा पुन्हा घासावा लागतो. केसभर जास्त घासले गेले तर तार झणझणते. कमी पडले तर मुकी राहते. हे मोजण्याचे यंत्र म्हणजे कारागिराचा कान.

१३/ एक घरचा अनुभव. आजीचा तंबोरा साताऱ्याच्या आमच्या घरात गवसणी घालून कोपऱ्यात उभा असे. मी गाऊ लागले तेव्हा तो एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिला. परत आला तो नव्या चकचकीत घोडीसह, नव्या तारांसह, पॉलिश करून. दिसायला देखणा. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तसा. वर्षभर मी तो तसाच छेडत राहिले. दोष माझ्या कानाचा असेल, असे समजून.

१४/ अखेर कोयना एक्स्प्रेसने तो मिरजेस नेला. (गर्दीच्या डब्यात तंबोरा सांभाळणे हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) कारागिरांनी गवसणी काढण्याआधीच विचारले, "गाणार कोण? पट्टी कुठली?" मी म्हटले, "काळी चार." त्यांनी मला षड्ज लावायला सांगितला, एकदा तारा छेडल्या आणि म्हणाले, "ताई, या तारा काळी एकच्या आहेत. पुरुषाच्या आवाजाला लावतात त्या. जवारीपण त्याच हिशेबानं काढलीय."

१५/ त्यांनी तारा बदलल्या. घोडी काढली, घासली, लावली, ऐकली, पुन्हा काढली. मधूनमधून मला 'सा' लावायला सांगत. दोनेक तास गेले. शेवटी धागा सरकवला आणि आजीच्या वेळचा तो आवाज खोलीभर पसरला. वाद्य तेच, भोपळा तोच, दांडी तीच. बदलले ते फक्त एवढेच, की कुणीतरी आधी विचारले : गाणार कोण?

१६/ 'आवडते वाद्य' या गोष्टीचा जगभर असाच काही हिशेब दिसतो. विजेच्या गिटारचे उदाहरण घ्या. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली बाजारात आली आणि आजही असंख्य वादकांची पहिली पसंती आहे. तिचा जनक लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवताही येत नसे!

१७/ त्याने काय केले? वादकांना नमुने वाजवायला दिले आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्या. कडा बरगडीला टोचते म्हणाले, तर कडा उतरवल्या. दांडी डिंकाने न चिकटवता स्क्रूने बसवली, म्हणजे झिजली की बदलता यावी. प्रतिस्पर्धी गिब्सनच्या लेस पॉल गिटारची (१९५२) दांडी चिकटवलेली. तिचा नाद अनेकांना अधिक भरदार वाटतो. तरीही स्ट्रॅटोकॅस्टर टिकली, त्यात या दुरुस्तीच्या सोयीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. दुरुस्ती ज्याला कळते त्याला वाद्य कुठे दुखते हे कळते. शिकलगारांचे आणि या रेडिओवाल्याचे गोत्र मला एकच वाटते.

१८/ मिरजेचा अभिमान बाळगताना एक कबुली द्यायला हवी. सतारवादकांचा मोठा वर्ग कोलकात्याच्या किंवा दिल्लीच्या कारागिरांकडे जातो. कर्नाटक संगीताचा तंबुरा तंजावूरचा, फणसाच्या लाकडात कोरलेला, त्याला भोपळाच नसतो. मिरज सर्वश्रेष्ठ आहे, असा दावा मी करत नाही. मिरज गायकांचे आहे, कारण मिरजेत गायक होते.

१९/ आता भोपळ्याविषयी, नाहीतर सोलापूरकर रागावतील. हे कडू भोपळे मुख्यतः मंगळवेढ्याच्या परिसरातून येतात. लाकूड तुनाचे, कर्नाटकाकडून. भोपळा वेलावर पक्का व्हावा लागतो, मग महिनोन्महिने वाळवावा लागतो. त्यात पुरुषी तंबोऱ्याला लागणारा मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा क्वचितच साधतो. ज्वारीसाठी मंगळवेढे आणि जवारीसाठी मिरज, अशी ही जोडी आहे.

२०/ पण हे पीक कुणी खात नाही. बाजार समितीत त्याला भाव नाही. त्याचा ग्राहक एकच : वाद्यकार. एखाद्या अवकाळी पावसाने वेलावरचा माल कुजला, तर शेतकऱ्याने पुढच्या वर्षी तोच वेल का लावावा? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संगीत महोत्सवाच्या व्यासपीठावरून मी ऐकलेले नाही.

२१/ आणखी एक प्रकरण सांगायला हवे, कारण ते आमच्या साताऱ्याचे आहे. गेल्या शतकाच्या आरंभी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचे गणित मांडत होते. त्यांच्या प्रयोगांना गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा. साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमंट्स साहेब त्यांना येऊन मिळाले. देवलांचे पुस्तक १९१० चे, क्लेमंट्स यांचे १९१३ चे.

२२/ दोघांनी मिळून बावीस श्रुतींची खास हार्मोनियम सिद्ध करवली. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला. भातखंडे विरोधात होते. ती पेटी पुढे मैफलीत रुळली नाही. श्रुती मोजता आल्या, पण गाणाऱ्याने त्या पेटीला विचारून स्वर लावावा, हे काही घडले नाही.

२३/ स्वर पेटीत बसवण्याचा तो प्रयत्न फसला. दुसरा मात्र यशस्वी झाला. १९७९ च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज तो मोबाइलमध्ये फुकट मिळतो. मीही वापरते. एसटीत, स्वयंपाक करताना, पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता. त्याला नावे ठेवणे ढोंग होईल.

२४/ पण त्या पेटीची जवारी झिजत नाही. झिजत नाही म्हणून ती कुणाकडे न्यावी लागत नाही. आणि न्यावी लागत नाही म्हणून "पट्टी कुठली?" असे विचारणारा माणूस आपल्या आयुष्यातून गळतो. तंबोरे विकले जाणे कमी झाले तर मिरज काही काळ तग धरेल. परदेशी मागणी आहे, शोभेसाठी घेणारेही आहेत. दुरुस्तीला येणारे तंबोरे थांबले तर मात्र कारागिराच्या कानाची शाळाच बंद पडेल.

२५/ २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. 'मिरज' या नावाने कुठलाही माल खपवणाऱ्यांना चाप बसेल. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. घोडीवर कानस फिरवताना कुठे थांबावे हे ज्याला कळते, त्या तरुणाने धंदा सोडून औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली, तर कायदा काही करू शकत नाही.

२६/ म्हणून ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना एक विनंती. तो मिरजेचा असो वा नसो, गवसणी काढा, चारही तारा छेडा आणि ऐका. आवाज बसला असेल तर वाद्य घेऊन जा. फोनवर विचारू नका, घोडी कुरियरने पाठवू नका. स्वतः जा आणि तिथे 'सा' लावा. संगीत संस्थांनी नव्या तंबोऱ्याच्या अनुदानाइतकीच तरतूद जुन्यांच्या जवारीसाठीही करावी. ती रक्कम किरकोळ असते.

२७/ माझा तंबोरा दिवाळीनंतर पुन्हा मिरजेस जायचा आहे. जोडाच्या एका तारेने घोडीवर घर केले आहे. गेल्या महिन्यापासून तिचा षड्ज थोडा चोंदल्यासारखा येतो. मागच्या खेपेस कारागिरांचा नातू शेजारी बसून नुसता ऐकत होता. या वेळी कानस त्याच्या हाती दिली जाते का, ते पाहायचे आहे.