रिलेचा काटा वाढवू नका, कारण शोधा

परवा मारुंजीत आमच्या बांधाला लागून असलेल्या विहिरीवरची ५ एचपीची मोटार जळाली. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. "लाईटनं मोटार खाल्ली," म्हणाले. स्टार्टर उघडून बघितला तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर काढून वायरी डायरेक्ट केलेल्या, आणि जुना रिले सारखा ट्रिप होतो म्हणून मोठा रिले घालून डायल १३ वर ठेवलेली. राखणदाराचे डोळे आपणच बांधायचे आणि चोरी झाली म्हणून ओरडायचं, असा प्रकार.

हिशोब बघा. या मोटारीच्या नेमप्लेटवर ७.५ अँपिअर आहे. चालू मोटारीचा एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो, म्हणजे १३. डायलही १३ वरच! रिलेच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललंय, आणि आत वायंडिंग भाजतंय.

मी त्यांना हसलो नाही. चार वर्षांपूर्वी ऊस वाळत होता तेव्हा मीही स्टार्टरच्या बटणात काडी अडकवली होती. रात्रीच्या पाळीत एक फेज गेला. सकाळी गेलो तर जळका वास. रिवाइंडिंग होईपर्यंत आठ दिवस ऊस पाण्यावाचून.

व्होल्टेज खराब असतं हे खरंच आहे. डीपीपासून लांब असलेल्याला ४१५ च्या जागी ३५० मिळाले, तर तेवढंच पाणी ओढायला मोटार जास्त अँपिअर घेते. पण लाईट खराब आहे म्हणूनच तर राखणदार पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. रिले ट्रिप झाला म्हणजे मोटार काहीतरी सांगतेय. ते ऐकायचं. टोंग टेस्टर घ्या, हजार-दोन हजारांत मिळतो, चौघांत एक घेतला तरी चालतो. मोटार चालू असताना तिन्ही तारांचे अँपिअर बघा.

तिन्ही सारखेच, पण नेमप्लेटपेक्षा जास्त: व्होल्टेज कमी आहे, बेअरिंग गेलंय किंवा पंप अडकतोय.

एक शून्य, दोन जास्त: फेज गेलाय. डीपीचा फ्यूज, सैल झालेला स्क्रू, कॉन्टॅक्टरचे जळके पॉइंट बघा. इथं एक फसगत होते. मोटार चालू असताना गेलेल्या फेजवरही टेस्टर पेटतो, कारण मोटारीतून उलटा दाब येतो. म्हणून फेज तपासायचे ते मोटार बंद करून.

तिन्ही वेगवेगळे: मेन स्विच बंद करून स्टार्टरला येणाऱ्या तिन्ही तारा एकेक घर पुढं सरकवा. पहिली दुसऱ्या जागी, दुसरी तिसऱ्या, तिसरी पहिल्या. मोटार उलटी फिरत नाही. जास्तीचा करंट येणाऱ्या तारेबरोबर सरकला तर दोष लाईनीत. जागचा हलला नाही तर स्टार्टर, केबल किंवा मोटारीत.

अँपिअर नेहमीपेक्षा कमी: पाणी तुटलंय. इथं ओव्हरलोड रिले काहीच करत नाही, कारण करंट वाढतच नाही. त्याला ड्राय रनचं संरक्षण वेगळं लागतं.

डायल नेमप्लेटच्या आकड्यावर ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा वायंडिंगच्या तारेत असतो, तिथं तो आकडा ०.५८ नं गुणून घ्यायचा. प्रिव्हेंटर उगाच ट्रिप होत असेल तर नवा बसवा, काढून टाकू नका.

ऑटो स्विचबद्दलही बोलतो. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि डायरेक्ट सुरू होणारी मोटार उठताना पाच-सहा पट करंट घेते. मग व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो, कधी डीपीच जाते. ऑटो ठेवायचाच तर टायमरवाला ठेवा आणि शेजाऱ्याशी बोलून प्रत्येकानं वेगळी वेळ लावा. प्रिव्हेंटर नसेल तर ऑटो ठेवूच नका.

आपल्याकडं घरटी एक पोरगा चाकणला नाहीतर भोसरीला कंपनीत आहे. तिथं पॅनेलची सेफ्टी बायपास केली तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. तोच पोरगा रविवारी विहिरीवर येऊन काडी लावतो. कंपनीची मोटार मोलाची आणि बापाची फुकटची का?

एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकारनं माफ केलं. रिवाइंडिंग कुणी माफ केलेलं नाही. आणि मोडक्या स्टार्टरला ओल्या हातानं काडी लावताना शॉक बसला तर ते नुकसान कशानंच भरून येत नाही.

आज संध्याकाळी मेन स्विच बंद करा, स्टार्टर उघडा आणि डायल कितीवर आहे तेवढं बघा.