जुनेपणा हे निदान नव्हे

रस्त्यात मोटार बंद पडली की तिच्याभोवती जमणाऱ्या चार माणसांपैकी तिघे एकच वाक्य बोलतात : "गाडी जुनी झाली, आता काढून टाका." चौथा बोलत नाही, तो बॉनेट उघडतो. हा लेख त्या चौथ्याच्या बाजूने आणि पहिल्या तिघांच्या विरुद्ध लिहिलेला आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

माझ्याकडे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हा आमचे शहादे धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वडील आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. आराखडा इटलीच्या फियाटचा, इंजिन १०८९ सीसीचे, आणि 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचे. तिचे उत्पादन थांबून आता दोन तपे उलटली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रजा मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांनी मोठ्या गहिवराने तिला निरोप दिला. त्या गहिवरात कोणी विचारले नाही की तिच्यात बिघाड काय होता? तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि टॅक्सीला मर्यादा वीस वर्षांची. तेवढाच तिचा अपराध. रात्रंदिवस धावणाऱ्या टॅक्सीला अशी मर्यादा असावी, हे मी मान्य करतो. परंतु तोच न्याय आठवड्यातून दोनदा बाजाराला आणि वर्षातून दोनदा लग्नाला जाणाऱ्या घरगुती गाडीला लावायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

येथे लोकसमजुतीचा एक गोंधळ निस्तरला पाहिजे. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, असे गावोगाव छातीठोकपणे सांगितले जाते. कायदा तसे म्हणत नाही. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. दिल्ली परिसरात पेट्रोलच्या गाड्यांवर पंधरा आणि डिझेलच्या गाड्यांवर दहा वर्षांनंतर जी बंदी आली, ती २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. परंतु ती त्या परिसरापुरती होती. २०२१ साली जाहीर झालेले वाहनभंगाराचे धोरणही 'तपासणीत नापास झाली तर' एवढेच म्हणते. पण दिल्लीच्या धुरक्यातून निघालेली आवई तापीकाठी येईपर्यंत तिचा कायदा झाला, आणि त्या आवईच्या जोरावर चांगल्या चालत्या गाड्या मातीमोल भावाने विकल्या गेल्या.

तथापि सरकारही निर्दोष नाही. पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपये होते; १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० करण्यात आले. हे शुल्क दोष पाहून ठरत नाही, वय पाहून ठरते. ब्रेक न लागणाऱ्या सात वर्षांच्या गाडीला दंडक नाही, आणि दर महिन्याला तपासलेल्या पस्तीस वर्षांच्या गाडीला आहे. शाळेत एखाद्या मुलाची परीक्षा घेण्याआधीच त्याच्या जन्मतारखेवरून गुण कापावे, तशातला हा प्रकार!

पण माझे खरे भांडण सरकारशी नाही; ते आपल्या बुद्धीच्या आळसाशी आहे. "गाडी जुनी झाली" हे वाक्य कारण सांगत नाही. ते कारण शोधण्याचे श्रम वाचवते. वयाने कोणतेही इंजिन बंद पडत नाही. बंद पडते ते ठिणगी न मिळाल्याने, पेट्रोल न आल्याने, पाणी न फिरल्याने.

साधी उदाहरणे घ्या. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. येथे प्रश्न दोनच : ठिणगी आहे का, आणि पेट्रोल येते आहे का? प्लग काढून पाहा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे. मग पॉइंटमधील अंतर आणि कंडेन्सर तपासा. कोरडा असेल तर पंप आणि कार्बुरेटरचा जेट पाहा. वैशाखात पारा चाळिशीपार गेला की तापलेल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबले की गाडी सुरू होते. यासाठी नवा कार्बुरेटर विकणारे आमच्याकडे आहेत. ओले फडके सुचवणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, कारण फडक्यात नफा नाही.

गाडी तापते, ही दुसरी तक्रार. केव्हा तापते, हे कोणी विचारतच नाही. उभी असताना तापत असेल आणि धावताना शांत होत असेल, तर हवा कमी पडते आहे : फॅन बेल्ट सैल झाला असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला असेल. सपाटीवर ठीक आणि तोरणमाळच्या सातपायरी घाटात तापत असेल, तर बहुधा पाणी नीट फिरत नाही. आमच्या भागातील विंधन विहिरींचे पाणी जड. ते वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की आत क्षार धरतात. आणि रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तीन लक्षणे, तीन कारणे, तीन वेगळे खर्च. तिन्हींना 'म्हातारपण' हे एकच नाव देणारा वैद्य असता तर आपण त्याला दारात उभे केले नसते.

आणखी एक अनुभव सांगतो. आमच्या गाडीचा स्टार्टर फिरेनासा झाला. एका मोठ्या शहरातील एका कार्यशाळेने प्रथम बॅटरी बदलली, मग स्टार्टर मोटार नवी बसवली, आणि शेवटी "जुन्या गाडीचे असेच चालायचे" असा उपदेश बिलासोबत फुकट दिला. परत आल्यावर आठ दिवसांत तीच रड. आमच्या गावच्या मिस्त्रीने बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला एक जाड तार टेकवली, आणि स्टार्टर फिरला! इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. पट्टी पानपट्टीच्या उधारीएवढ्या पैशांत आली. ज्या दोन वस्तू बदलल्या त्या निर्दोष होत्या. त्या परत मात्र मिळाल्या नाहीत.

आता एका नव्या संकटाविषयी. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या इंधनासाठी न बनवलेल्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरचे गॅस्केट इथेनॉलने फुगतात, कडक होतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते, त्यामुळे बराच काळ उभ्या गाडीची टाकी गंजते. उसाला भाव मिळावा ही आम्हा शहादेकरांचीही इच्छा आहे. इथेनॉलला माझा विरोध नाही. परंतु इंधन बदलायचे सरकारने, नळ्या फुटायच्या मालकाच्या, आणि आरोप यायचा गाडीच्या वयावर, हा हिशेब सरळ नाही. उपाय अवघड नाही : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नये. पण हे सांगायला कारण ठाऊक असावे लागते.

माझे विरोधक म्हणतील की जुनी गाडी धूर जास्त सोडते, आणि तिच्यात एअरबॅग नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. १९८९ ची गाडी २०२० नंतरच्या गाडीइतकी स्वच्छ कधीच होणार नाही. म्हणून तिला शहराच्या गर्दीत रोज चालवू नये, आणि धूर यंत्राने मोजून प्रमाणाबाहेर असेल तर रस्त्यावर आणू देऊ नये. ज्या गाडीचा सांगाडा गंजून पोकळ झाला आहे, ती बेशक भंगारात जावी. तिच्यासाठी मी एकही अश्रू ढाळणार नाही. मी एवढेच म्हणतो की निकाल यंत्राने द्यावा, पंचांगाने नव्हे. जेथे वय खरोखर मोजावे तेथे मात्र आपण मोजत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत पण रबर दहा वर्षांचे, अशी टायरे घालून लोक नव्या गाडीतही कोंडाईबारीचा घाट उतरतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. तेही कोणी मोजत नाही. ब्रेकचे पायडल पायाखाली हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरची रबरे गेली असा संशय घ्यावा, आणि ती बदलेपर्यंत गाडी दारातून हलवू नये. येथे मिस्त्रीने "चालून जाईल" म्हटले तर त्याचेही ऐकू नये.

हा सारा वाद हौशी माणसाचा वाटेल, तर जरा धडगावकडे पाहा. सातपुड्याच्या पाड्यावरून रोग्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. पुढे वेळेवर रुग्णवाहिका आली नाही तर गावात ज्याच्याकडे चालती गाडी असेल त्याचे दार ठोठावतात. ती गाडी बहुधा जुनीच असते. चांदशैली घाटात ती थांबली, तर आत निजलेल्या बाईला गाडीचे वय ऐकून काय करायचे आहे? आणि तिच्या मालकाने आवईला भिऊन गाडी विकली आणि नवी घेण्याची ऐपत त्याला नसली, तर त्या गावात नवी गाडी येत नाही. दार ठोठावायला कोणी उरत नाही, एवढेच होते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. दुरुस्तीच्या प्रत्येक बिलावर सुट्या भागाच्या नावाआधी बिघाडाचे कारण लिहिलेले असावे. काढलेला भाग मालकाच्या हातात द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मुलांना भाग बदलण्याआधी भाग निर्दोष ठरवायला शिकवावे. नोंदणीचे शुल्क वयावर न आकारता तपासणीच्या निकालावर आकारावे. आणि पुढच्या वेळी रस्त्यात कोणाची गाडी बंद पडलेली दिसली, तर वाचकहो, तिचे साल विचारू नका. प्लग ओला आहे की कोरडा, ते विचारा.